स्टेनोबाईंचे चार शब्द

स्टेनोबाई पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि पायानं दाबायचं एक जुनं पेडल होतं. आल्या आल्या त्यांनी पेडल टेबलाखाली सरकवलं, वायर कॉम्प्युटरला जोडली, चप्पल काढून उजवा पाय त्यावर ठेवला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलाखत घ्यायचीय ना? घ्या."

पेडल दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पाय उचलला की बंद. हात टायपिंगला मोकळे. कोर्टात चौतीस वर्षं स्टेनो म्हणून काढल्यावर निवृत्त होताना त्यांनी ते पेडल मागून घेतलं होतं. नव्या कॉम्प्युटरला चालेल अशी वायर त्यांच्या मुलानं बसवून दिली होती. मी एक रेकॉर्डिंग लावून दिलं. पाच मिनिटांनी कागद हातात आला. एक चूक नाही. मी नको तिथं चूक शोधणारी बाई आहे, तरी सापडली नाही.

"इथं 'थांबल्या, चार सेकंद' असं काय लिहिलंय?" मी विचारलं.

"थांबल्या ना त्या. चार सेकंद."

"ते कशाला लिहायचं?"

"ऐकू आलं नाही तेही लिहायचं असतं," बाई म्हणाल्या. मी त्यांना दुसऱ्या दिवसापासून बोलावलं.

आमचं काम काय ते सांगते. घरात मार खाणाऱ्या बायका आमच्या तीन केंद्रांपैकी कुठल्या तरी एका केंद्रात येतात. तिथं त्यांचं म्हणणं रेकॉर्ड होतं. रेकॉर्डिंग आमच्याकडे येतं, आम्ही ते टाइप करतो, आणि तो जबाब आमच्या वकीलबाई कोर्टात लावतात. दारावर पाटी मात्र 'दस्तऐवज सेवा' एवढीच. इथं काम करणाऱ्या कोणीही घरी याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा पहिला नियम. आपल्या ऑफिसचा पत्ता कोणाच्या तोंडून कोणाच्या नवऱ्याला कळेल याचा भरवसा नसतो. आमच्या घरची माणसंही समजतात की आम्ही करारपत्रं टाइप करतो.

दुसरा नियम माझा. नाव कुठंच नको. रेकॉर्डिंगमध्ये नाही, जबाबात नाही, फाइलीवर नाही. केंद्रातली मुलगी सुरुवातीलाच सांगते, 'नवरा, सासू, दीर असंच म्हणा.' खरी नावं फक्त वकीलबाईंकडे. आमच्याकडे नुसता क्रमांक येतो. या व्यवस्थेचा मला फार अभिमान होता. तो का उतरला ते पुढं येईल.

आधी फाइली पेन ड्राइव्हवरून यायच्या. एक पेन ड्राइव्ह रिक्षात राहिला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो सापडला, पण तेव्हाच मी सगळं काम क्लाउडवर नेलं, तेही कुलूपबंद. फाइल आमच्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद होते आणि मगच वर जाते. ती जिथं साठवतात त्या कंपनीलाही आतलं वाचता येत नाही. ज्यांना आपण किल्ली देऊ त्यांनाच ती उघडता येते. मलासुद्धा प्रत्येक फाइल उघडत नाही. मला दिसते ती फक्त नोंदवही: कोणती फाइल, कोणी, किती वाजता उघडली, कोणाला पाठवली. आत काय आहे ते नाही. हाही नियम मीच केला होता, मोठ्या तोऱ्यात.

स्टेनोबाईंना हे शिकवताना माझी अर्धी शक्ती गेली.

"म्हणजे आपला कागद दुसऱ्याच्या कपाटात?"

"कपाट त्यांचं, कुलूप आपलं."

"आणि कपाटवाला पळून गेला तर?"

"कंपनी आहे हो ती, कुठं पळणार?"

"कंपन्याच पळतात," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पहिला पासवर्ड त्यांनी ठेवला तो स्वतःच्या निवृत्तीची तारीख. तो मी बदलायला लावला. त्यानंतर वकीलबाईंना पहिली फाइल पाठवली, तर त्याच ईमेलमध्ये लिंक आणि खाली पासवर्ड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, किल्ली कुलपालाच अडकवून पाठवलीत की!" मी सगळ्यांसमोर ओरडले. साठी ओलांडलेल्या बाईवर असं ओरडू नये, हे मला दहा मिनिटांनी सुचलं. त्यांनी मात्र पिशवीतून पेन काढलं आणि शांतपणे विचारलं, "मग कशी पाठवायची? सांगा. एकदाच सांगा."

मी सांगितलं. लिंक ईमेलनं. पासवर्ड लिहून कधीच नाही, तो फोनवर, तोंडानं. ज्यानं फाइल बनवली त्यानंच सांगायचा, पलीकडचा आवाज ओळखीचा असल्याची खात्री करून. पासवर्ड चार शब्दांचा, आणि त्या शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नको, म्हणजे कोणाला अंदाज येत नाही. सात दिवसांनी लिंक आपोआप मरते.

त्या दिवसापासून बाईंची एकही चूक झाली नाही. रोज दुपारी त्या फोन उचलायच्या, घसा साफ करायच्या आणि डिक्टेशन द्यावं तसं सांगायच्या, "घ्या. उशी. कात्री. नारळ. इंजिन." प्रत्येक शब्दानंतर थांबायच्या. आमचा हिशेबनीस चहाचा कप हातात धरून त्याच वेळी त्यांच्या टेबलाजवळून जायचा, आजचे शब्द ऐकायला. "बाई, आज 'मगर' आली नाही का?" असं विचारायचा. "मगर परवा येऊन गेली," त्या म्हणायच्या. त्याच्यासमोर नवा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. तो हलला की मगच पुढचा शब्द.

तिसरा नियम कोर्टातला, तो त्यांनीच आणला. रेकॉर्डिंगमध्ये ओळखीचा आवाज आला की पेडलवरून पाय काढायचा आणि फाइल परत द्यायची. दोनदा त्यांनी तसं केलं. एक त्यांची शेजारीण होती, दुसरी कोण ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांचा मुलगा मला माहीत होता. रोज साडेपाचला खाली मोटरसायकल यायची, एकच हॉर्न वाजायचा. पावसापाण्याचं तो वर यायचा, आईची छत्री घेऊन. फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करायचा. एकदा आमचा एसी बघून दिला आणि पैसे घेतले नाहीत. "मॅडम, आईला पाणी प्यायची आठवण करत जा. कामात बसली की पीत नाही," असं मला म्हणाला होता. असा मुलगा सगळ्यांना मिळो, असं मी घरी जाऊन माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. सून दोन महिन्यांपासून घरात नव्हती, बहिणीकडे असते असं सांगत. "तब्येत बरी नसते तिची," बाई म्हणाल्या होत्या, तेही मी विचारल्यावर.

आता त्या मंगळवाराबद्दल.

गुरुवारी कोर्टात एक सुनावणी होती. क्रमांक दोनशे सतरा. या बाईला नवऱ्यापासून संरक्षणाचा हुकूम हवा होता. नवरा तिला शोधत होता आणि तिचा जबाब हाच काय तो पुरावा होता. मारताना पाहणारं, ऐकणारं कोणी पुढं आलेलं नव्हतं. आमची दुसरी टायपिस्ट रजेवर, म्हणून रेकॉर्डिंग स्टेनोबाईंकडे गेलं. सोमवारी संध्याकाळी टाइप झालेला जबाब वकीलबाईंकडे पोचलाही.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी नोंदवही उघडली. बाई प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा उघडतात, एकदा टाइप करायला, एकदा तपासायला. दोनशे सतरा अकरा वेळा उघडलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. '२१७-अ' नावाची फाइल, आजच तीन चाळीसला बनवलेली आणि वकीलबाईंना पाठवलेली. त्या क्रमांकाचं रेकॉर्डिंगच आमच्याकडे आलेलं नव्हतं. रेकॉर्डिंग नाही तर फाइल कसली? मी ती उघडायला गेले. उघडेना. किल्ली फक्त वकीलबाईंना आणि स्टेनोबाईंना. माझ्याच कुलपानं मला बाहेर ठेवलं होतं.

मी त्यांच्या टेबलाशी गेले.

"दोनशे सतरा अकरा वेळा का उघडलंत?"

बाईंनी कानावरचे हेडफोन काढले, गुंडाळून ठेवले. "आवाज ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या.

"मग परत का नाही दिलंत? नियम तुमचाच आहे ना?"

"परत दिलं असतं तर सुनावणी चुकली असती. टाइप करायला दुसरं कोण आहे?" त्या थांबल्या. "आणि मला ऐकायचं होतं. तेही खरं आहे."

"कोण आहे ती?"

"माझी सून."

ज्या व्यवस्थेचा मी टेंभा मिरवत होते तिनंच हे केलं होतं. सून दुसऱ्या गावच्या केंद्रात गेली, तिला काय माहीत सासू कुठं आणि काय टाइप करते. सासूला काय माहीत क्रमांक कोणाचा. वकीलबाईंकडे नावं होती, पण क्रमांक कोणाच्या टेबलावर जातो हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. कुठंच काही फुटलं नाही, आणि सुनेच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द सासूच्या कानात गेला. तिला मारणाऱ्याच्या आईच्या.

आणि मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, "जबाब बदललात ना? मुलासाठी मऊ करून दुसरा बनवलात, आणि तो 'अ' म्हणून पाठवलात. त्याला सांगितलंत का ती कुठं आहे ते?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी हेडफोन माझ्यापुढं केले. सोमवारी टाइप केलेला जबाब पडद्यावर उघडला. "बसा. सात मिनिटं बावीस सेकंदांपासून ऐका. शब्द जुळवून बघा."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. पेडल त्यांनीच दाबलं, बाजूला उभं राहून.

केंद्रातली मुलगी विचारत होती, "तेव्हा घरात आणखी कोण होतं?"

"सासूबाई."

"कुठं?"

"स्वयंपाकघरात."

"त्यांना ऐकू गेलं असेल?"

मग काहीच नाही. मग तोच आवाज, अगदी सरळ, तक्रार नसल्यासारखा. "त्यांनी रेडिओ मोठा केला."

पडद्यावर तेच होतं. 'थांबल्या, नऊ सेकंद. त्यांनी रेडिओ मोठा केला.' एक काना इकडचा तिकडं नाही.

"नऊच आहेत ना?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं माझीच मोजणी चुकतेय. म्हणून परत परत ऐकलं."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आता 'अ' उघडा," त्या म्हणाल्या, आणि किल्ल्यांच्या यादीत माझं नाव घालून पासवर्ड सांगितला. शेजारीच मी बसलेली असतानाही त्यांनी घसा साफ केला आणि एकेक शब्द थांबून सांगितला. "बादली. चष्मा. वाटाणा. पायरी."

फाइल एका पानाची होती. वर त्यांचं पूर्ण नाव, वय, पत्ता. आमच्या ऑफिसात बनलेला नाव असलेला तो पहिला कागद.

'क्रमांक दोनशे सतरा माझी सून आहे. मारणारा माझा मुलगा आहे. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं. त्याआधीही दोनदा ऐकू आलं होतं. रेडिओ मी मोठा केला. बातम्या लागल्या होत्या. बातम्या कसल्या ते आठवत नाही. भिंतीपलीकडचं सगळं आठवतं, ते पुढं लिहिते.'

पुढं त्यांनी ते लिहिलं होतं, तारखांसकट. कोर्टात चौतीस वर्षं काढलेली बाई, तिला कुठली तारीख लागते आणि कुठली नाही हे बरोबर ठाऊक होतं.

"मला माफ करा," मी म्हणाले.

"तुम्ही विचारलंत ते बरोबरच विचारलंत. मी तुमच्या जागी असते तर मीही विचारलं असतं." मग म्हणाल्या, "तो वाईट मुलगा नाही, असं म्हणायची सवय लागलीय मला. कालपासून ती मोडतेय."

मी म्हटलं, आज घरी जाऊ नका, माझ्याकडे चला, केंद्रात सोय करते. त्यांनी मान हलवली. "आज गेले नाही तर तो विचारात पडेल. मला तिचं कळलंय असा वास लागला त्याला तर परवापर्यंत तो गप्प बसायचा नाही. दोन दिवस रोजच्यासारखेच जायला हवेत."

"जमेल?"

"घरी बोलायचं नाही हा तुमचा पहिलाच नियम आहे की."

साडेपाचला खाली हॉर्न वाजला. एकच. बाईंनी चप्पल घातली, बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि जिना उतरल्या. मी खिडकीत उभी राहिले. मुलानं त्यांच्या हातातली पिशवी घेऊन पुढं अडकवली, आई नीट बसली का ते मागं वळून पाहिलं. बाईंनी रोजच्यासारखा एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मोटरसायकल वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी तो हात बघत होते.

गुरुवारी दोन्ही जबाब कोर्टात लागले. स्टेनोबाईंना उभं करून विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत का. त्या 'हो' म्हणाल्या. मुलगा समोर बसला होता. तो शेवटपर्यंत आईकडे बघत राहिला. हुकूम मिळाला. त्यानं बायकोच्या जवळपासही फिरकायचं नाही. सून आजारी असल्यानं आलेली नव्हती, तिच्या वतीनं वकीलबाईच होत्या. त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या नाहीत. ऑफिसपासून दोन बसथांब्यांवर त्यांनी एक खोली घेतली. सोमवारी त्या बसनं आल्या, पेडल टेबलाखाली सरकवलं आणि विचारलं, "आज किती फाइली?"

मुलाचा फोन येतो का, असं मी एकदा विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. "मला त्याची आठवण येते. साडेपाचला कान अजून रस्त्याकडे लागतात." एवढं बोलून पाय पेडलवर ठेवला.

आता क्रमांक कोणाच्या टेबलावर जातो हे वकीलबाई आधी नावं तपासून ठरवतात. माझी सगळी हुशारी या एका ओळीत दुरुस्त झाली.

एक गोष्ट मात्र राहिली होती. प्रत्येक बाईला तिच्या कामाचे सगळे कागद मिळतात, आणि '२१७-अ' आता दोनशे सतराच्या कामाचा कागद होता. वकीलबाईंनी तिला कोर्टातलं सगळं सांगितलं होतं, पण तो कागद तिनं वाचला नव्हता. मी लिंक ईमेलनं पाठवली. पासवर्ड उरला. तो, ज्यानं फाइल बनवली त्यानंच सांगायचा.

"मी सांगते तिला, तुम्ही नका त्रास घेऊ," मी म्हटलं.

"नियम आहे," बाई म्हणाल्या. वकीलबाईंनी बजावलं होतं, फक्त पासवर्ड, बाकी काही बोलायचं नाही. ती केस अजून संपलेली नव्हती.

बाईंनी फोन लावला आणि टेबलावर ठेवून आवाज बाहेर सोडला, म्हणजे मी साक्षीला असेन. तिकडून 'हॅलो' आलं. बाईंनी तो आवाज ओळखल्याची खूण म्हणून माझ्याकडे बघून मान हलवली. घसा साफ केला.

"घ्या. बादली. चष्मा. वाटाणा. पायरी."

पलीकडे कोणी बोललं नाही. फोन ठेवलेलाही नव्हता, मागं कुठंतरी नळ वाहत होता तो ऐकू येत होता. बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर होती. सवयच लागलेली, म्हणून मी मोजत होते. सतरा सेकंद झाले.

मग तिकडून आवाज आला, "आई, तिसरा शब्द राहिला. परत सांगता?"

बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग नेहमीच्या डिक्टेशनच्या आवाजात, जरा हळू, म्हणाल्या, "वाटाणा."